काटा थांबतो तेव्हा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेसाठी कार्यवाहांनी आम्हांस प्रथम विषय सुचविला होता तो गणिताच्या अध्यापनाचा. आम्ही त्यांस विनयपूर्वक कळविले की, त्या विषयावर आमचे विद्यार्थीसुद्धा राजीखुशीने कधी बसले नाहीत. सुवर्णमहोत्सवासाठी जमलेल्या पाहुण्यांना ती शिक्षा कशाला? त्याऐवजी आम्ही एक असा विषय मागून घेतला की, जो आपल्या घरांतून बोलला जातो तो दार लोटून घेऊन. लठ्ठपणासाठी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतल्यावर काही महिन्यांनी वजन उतरायचे थांबते. त्या थांबलेल्या काळात माणसाच्या मनाचे काय होते, शरीरात काय चाललेले असते आणि घरच्यांनी काय करावे, हा आजचा विषय. कार्यवाह क्षणभर गप्प झाले, आणि मग हळूच म्हणाले, "आमच्या मेहुण्यांनाही तुमच्या भाषणाला पाठवतो." म्हणजे विषय अगदीच अस्थानी नाही.

आरंभी एक खुलासा केला पाहिजे. आम्ही स्वतःविषयी 'आम्ही' म्हणतो, याला मोठेपणाचे कारण नाही. जबलपुरात उभा जन्म गेला की हिंदीतला 'हम' जिभेवर ठाण मांडतो आणि मराठी बोलतानाही 'मी' सापडेनासा होतो. शिवाय या कथेत आमच्या सौभाग्यवतींचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. तेव्हा 'आम्ही' म्हणणे हिशेबालाही धरून आहे. दुसरा खुलासा असा की, आम्ही वैद्य नव्हे. जे सांगणार ते भोगलेले आणि नंतर वाचून, विचारून समजून घेतलेले. औषधोपचाराचा निर्णय ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

आमचे वडील तोफगाडीच्या कारखान्यात होते. १९०४ साली उभारलेल्या त्या कारखान्याने या गावात किती मराठी चुली पेटत्या ठेवल्या हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. वडील सायकलने जात, दिवसभर उभ्याने काम करीत आणि संध्याकाळी येऊन चार पोळ्या, भाताचा डोंगर, वर तूप असे जेवत. त्यांचे पोट कधी सुटले नाही. त्यांचे ताट आम्ही वारसाहक्काने घेतले. सायकल मात्र घेतली नाही. शाळेत खुर्ची, घरी आरामखुर्ची आणि मधल्या अंतराला स्कूटर. पंचावन्नाव्या वर्षी आमची उंची पाच फूट सहा इंच आणि वजन १२६ किलो होते. मधुमेह होता, रक्तदाब होता, गुडघे तर जिन्याची पायरी पाहूनच दुखू लागत. पण या सर्वांहून भयंकर गोष्ट आम्हांस स्वतःला ठाऊकच नव्हती, कारण ती आम्ही झोपेत असताना घडे. आमचा श्वास रात्री मध्येच थांबत असे. घोरणे एकाएकी बंद होई, कित्येक सेकंद खोलीत शांतता, आणि मग आचका देऊन पुन्हा श्वास. सौभाग्यवती दोन वर्षे अर्धवट जागी राहून ते श्वास मोजीत होत्या. हे त्यांनी डॉक्टरांपुढे सांगितले तेव्हा आम्ही प्रथम ऐकले.

आता थोडे शास्त्र. १९६६ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन या शल्यविशारदांनी लठ्ठपणासाठी जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते, ते पुन्हा सहजी चढत नाही, या निरीक्षणातून ती कल्पना निघाली. आज अधिक प्रचारात असलेल्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्याची केळ्यासारखी एक नळी ठेवतात. गमतीची गोष्ट अशी की, ही मुळात दोन टप्प्यांच्या एका मोठ्या शस्त्रक्रियेचा केवळ पहिला टप्पा होती. पहिल्या टप्प्यावरच अनेकांचे वजन इतके उतरले की दुसऱ्याची गरज भासेना. जठर लहान होते एवढेच तिचे काम नव्हे. जठराच्या वरच्या भागात भुकेचा निरोप मेंदूला पोचविणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य मुख्यतः तयार होते. जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधले. तो भागच निघून गेल्यामुळे भुकेची हाकही क्षीण होते. आपल्याकडे नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजनासाठी अशी शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती लपविली नाही. त्यानंतर विदर्भातल्या आमच्या नातलगांत हा शब्द मोठ्या आवाजात उच्चारला जाऊ लागला, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

आमची शस्त्रक्रिया २०१९ च्या जानेवारीच्या मध्यावर, नागपूरच्या एका रुग्णालयात झाली. पहिल्या महिन्यात ११ किलो उतरले. दुसऱ्यात ६. गणिताचा मास्तर म्हटल्यावर पुढे काय झाले असेल ते आपण ओळखलेच असेल. आम्ही आलेखाचा कागद आणला, बिंदू मांडले आणि त्यांमधून पट्टीने सरळ रेघ ओढली. ती रेघ ऑगस्टच्या आरंभी ७० किलोला टेकत होती. तो कागद आम्ही आरशाशेजारी चिकटविला. तीस वर्षे वर्गात सांगत आलो होतो की, दोन बिंदूंवरून रेघ काढता येते, पण भविष्य काढता येत नाही. स्वतःच्या पोटाचा प्रश्न आला आणि विद्या पळाली. तिसऱ्या महिन्यात ५ किलो, चौथ्यात ४, पाचव्यात ३. बिंदू रेघेपासून दूर सरकू लागले. आम्ही दोष दिला तो बिंदूंना.

जूनच्या मध्यावर काटा ९७ वर आला आणि तेथेच उभा राहिला. एक आठवडा, दोन आठवडे, चार आठवडे. डॉक्टर मंडळी या अवस्थेला जो इंग्रजी शब्द वापरतात त्याला मराठीत भूगोलाच्या पुस्तकातला शब्द आहे: पठार. घाट उतरताना मध्येच सपाटी लागावी तसे. शब्द निरुपद्रवी आहे. अवस्था तशी नाही.

आम्ही दिवसातून तीनदा काट्यावर उभे राहू लागलो. सकाळी प्रातर्विधीपूर्वी, मग नंतर, आणि रात्री निजण्यापूर्वी. काटा फरशीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन पाहिला. घड्याळ काढून, चष्मा काढून पाहिले. हसू नका, आपल्यापैकी ज्यांनी हे केले आहे ते आता हसत नाहीत, ते आम्हांस येथून दिसत आहे. मनात सारखे एकच येई: इतके पैसे खर्चून, पोट कापून घेऊनही ज्याला जमले नाही तो माणूस किती नादान असला पाहिजे! लग्नकार्यात भेटणारे लोक पूर्वी विचारीत, "किती उतरलं?" आता विचारू लागले, "थांबलं का?" सल्ल्यांना तर पूर आला. नागपूरचे कै. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर पोचविलेला दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा मार्ग तिघा नातलगांनी एकाच दिवशी सुचविला. तो मार्ग अनेकांनी अवलंबिला आहे आणि त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. परंतु ज्याच्या जठराची नळी केली आहे, त्याच्या पोटात दोन वेळांत दिवसभराचे पोषण मावणार कसे, हा साधा प्रश्न सल्ला देणाऱ्यांना पडला नाही. दुर्दैवाने आम्हांसही पडला नाही.

चातुर्मास लागत होता. आषाढी एकादशीपासून आम्ही उपासांचा सपाटा लावला. धर्माचे नाव, काट्याचे काम. दिवसभर दोन कप चहा आणि थोडे ताक. सौभाग्यवतींनी विचारले तर सांगत असू की शाळेत खाल्ले. आणि येथे, मंडळी, जी गोष्ट सांगायला सर्वांत जड जाते ती सांगतो. दिवसभर उपाशी राहिलेला हा तपस्वी रात्री अकरानंतर स्वयंपाकघरात जाऊन डब्यातला चिवडा मुठीमुठीने खात असे. दिवा न लावता.

चिवड्याविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. शस्त्रक्रियेनंतरच्या लहान जठराचा एक विलक्षण धर्म आहे. मटकीची उसळ, अंड्याचा पोळा, पनीर, मासा असे घट्ट आणि प्रथिनयुक्त अन्न चार घासांत पोट भरविते आणि पुष्कळ वेळ भरलेले ठेवते. याउलट चिवडा, शेव, चहात बुडविलेले बिस्कीट, तोंडात विरघळणारा बेसनाचा लाडू, गोड सरबत हे पदार्थ त्या नळीतून असे सटकतात की, जठराला ते येऊन गेल्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे शल्यविशारदाने जी अरुंद वाट करून ठेवली तिला वळसा घालणारी चोरवाट फराळाच्या डब्यातून जाते. आमच्या जबलपूरच्या खव्याच्या जिलबीचीही तीच गत. तिचे नाव या सभेत काढल्याबद्दल क्षमा असावी. उपासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने शोधावी लागतात ती शेंगदाण्याच्या कुटात. ज्याला एका वेळी पाऊण वाटीच खाता येते त्याने ती पाऊण वाटी साबुदाण्याने भरली, तर शरीराला बांधायला काय मिळणार?

श्रावणातल्या एका सोमवारी पहाटे आम्ही ग्वारीघाटावर गेलो. नर्मदा भरून चालली होती. पायऱ्या उतरलो, हात जोडले आणि परत चढताना पाचव्या की सहाव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधार आला. शुद्धीवर आलो तेव्हा एक नाववाला आमच्या डोक्यावर पाणी थापीत होता आणि सौभाग्यवती पायरीवर बसून आमची नाडी धरून होत्या. त्यांच्या ओठांची हालचाल पाहून कळले की त्या श्वास मोजीत आहेत. पूर्वीसारखेच.

डॉक्टरांनी कारणे शोधली ती अशी. शरीरात पाणी कमी पडले होते. रक्तदाबाच्या गोळ्या १२६ किलोच्या माणसाला बेतलेल्या होत्या, त्या आम्ही ९७ किलोवरही तेवढ्याच घेत होतो. कारण मधल्या दोन तपासण्या आम्ही बुडविल्या होत्या. आकडा थांबला असता तपासणीला कोणत्या तोंडाने जायचे, म्हणून. रक्तातले लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व खाली गेले होते. उशीवर केस सापडत होते ते वेगळेच. येथे जे आमच्यासारखे असतील त्यांस हात जोडून एवढेच सांगणे की, वजन थांबले की पुढची तपासणी टाळण्याची इच्छा होते, आणि नेमकी तीच तपासणी टाळायची नसते. वारंवार उलट्या, पोटात दुखणे, घास अडकणे, चक्कर, हातापायांना मुंग्या यांपैकी काहीही असेल तर तारखेचीदेखील वाट पाहू नये.

रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाई वयाने आमच्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा. त्यांनी आमचा आलेख मागितला, पाहिला आणि विचारले, "सर, ही रेघ कोणत्या पुस्तकातली?" मग त्यांनी दुसरा आलेख समोर ठेवला. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासाचा तो होता. शस्त्रक्रिया केलेले सुमारे दोन हजार लोक आणि न केलेले तितकेच, असे वर्षानुवर्षे तपासले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या आकड्यांप्रमाणे, जठराला वळसा घातलेल्यांचे वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले, मग थांबले, मग किंचित वर सरकले आणि दहा वर्षांनी मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी राहिले. इतर प्रकारच्या शस्त्रक्रियांच्या रेघा वेगळ्या पातळीवर, पण वळण तेच. त्या आलेखात सरळ रेघ एकही नव्हती. आणि तरीही त्या लोकांत मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया न केलेल्यांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी होते. म्हणजे थांबणे हा त्या वाटेचाच एक भाग होता, आणि थांबलेल्यांचाही जीव वाचला होता.

असे का होते? आम्ही ते आमच्या पद्धतीने समजून घेतले. पहिल्या दिवसांत जे झरझर उतरते त्यात पाणी पुष्कळ असते. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. अन्न तुटले की प्रथम हा साठा खर्ची पडतो आणि पाणी मोकळे होते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो साठा पुन्हा थोडा भरू लागला की काटा काही दिवस अडतो. आमचाही पाच दिवस अडला होता. तेव्हा डॉक्टरांनी समजावले होते, आम्ही मान डोलावली होती आणि विसरलो होतो. पुढचे मोठे पठार निराळे. स्कूटरवर तिघे बसले तर पेट्रोल जास्त लागते, एकटा बसला तर कमी. १२६ किलोचे शरीर हलवायला, उबदार ठेवायला जितके उष्मांक लागत, तितके ९७ किलोच्या शरीराला लागत नाहीत. खाणे तेच ठेवले तरी खर्च खाली येत येत एके दिवशी जमेला भेटतो. इतके तर पाचवीतल्या मुलालाही पटावे.

परंतु शरीर एवढ्यावर थांबत नाही, ते काटकसरही करू लागते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लायबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले की, वजन घटविलेल्या माणसाचा दैनंदिन उष्मांकखर्च त्याच्या नव्या वजनाच्या मानाने जितका असावा त्याहूनही कमी होतो. याची एक जुनी आणि हृदयद्रावक साक्ष आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा कसे जेवू घालावे हे कळावे म्हणून, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीझ यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले, आणि त्याबरोबर त्यांची नाडी मंदावली, अंग गार पडू लागले, कामाचा उत्साह गेला आणि दिवसरात्र डोक्यात अन्नाचा विचार राहू लागला. पायांवर सूज येऊन पाणी साठल्यामुळे मधूनमधून त्यांचा खरा ऱ्हास काट्यावर दिसतच नव्हता. ते तरुण लठ्ठ नव्हते, आळशी नव्हते, त्यांच्या निग्रहात काही उणे नव्हते. शरीराला दुष्काळ आणि शस्त्रक्रिया यांतला फरक समजत नाही, हे वाचून आमच्या छातीवरचा दगड उतरला. आम्ही चातुर्मासाच्या नावाने जे आरंभिले होते ते त्या दुष्काळातला दुष्काळ होता. शरीर काटकसर करीत होते आणि आम्ही त्याला आणखी भिवविले.

काटा किती अपुरा साक्षीदार आहे याचे आपल्या घरचेच उदाहरण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांचा एक जोडफोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचाही २२.३. तंतोतंत समान. पण शरीरातील चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय बारीक दिसतो तेव्हाही आत चरबी राखून असतो आणि स्नायू कमी, हे याज्ञिकांनी वर्षानुवर्षांच्या कामाने दाखविले. याचा आमच्या पठाराशी संबंध असा. किलो घटला म्हणजे चरबी घटली असे नव्हे, आणि किलो थांबला म्हणजे काहीच घटत नाही असेही नव्हे. आम्ही उपाशी राहून जे गमावीत होतो त्यात स्नायूच अधिक असण्याचा संभव होता, आणि स्नायू गेले की बसल्या जागी होणारा खर्च आणखी घटतो.

मग उपाय काय केला? त्यात चमत्कार काही नाही. पंधरा दिवस जे जे तोंडात जाईल ते वहीत लिहायचे, चिवड्यासह. ती वही लिहिताना हात जसा थरथरला तसा बोर्डाच्या परीक्षेतही थरथरला नव्हता. हिशेब निघाला तेव्हा आमच्या पोटात दिवसाला सुमारे ३० ग्रॅम प्रथिने जात होती. निदान ६० तरी हवी होती. आपले शाकाहारी मराठी जेवण सात्त्विक असेल, पण लहान पोटासाठी त्याची मांडणी उलटी आहे. आधी वरणभात, मग पोळीभाजी, उसळ असली तर कडेला. ताटाचा क्रम बदलला. आधी उसळ, पिठले, पनीर किंवा घट्ट दही; मग भाजी; पोट उरले तर पोळीचा चतकोर. भात सणावारी. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी नाही, मात्र दिवसभर घोटघोट भरपूर. गोळ्या, लोह, कॅल्शियम, ब-१२ आयुष्यभर. सकाळी भंवरताल उद्यानात फेऱ्या मारीत होतोच. त्याला जोड म्हणून खुर्चीवरून हात न टेकता उठबस आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, म्हणजे स्नायूंना काम. काटा आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी. तो सौभाग्यवतींनी त्यांच्या कपाटात कुलपात ठेवला आणि किल्ली कोठे असते ते आम्हांस अद्यापि ठाऊक नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत वजन एक किलोने वाढले. हे मुद्दाम सांगतो, कारण याच वळणावर पुष्कळ जण पुन्हा उपाशी राहू लागतात. मग सप्टेंबरात काटा हलला. वर्षअखेरीस ९१. पुढच्या उन्हाळ्यात ८८. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर जे झाले ते आमच्याही घरी झाले, आणि तीनचार किलो परत आले. आज ९१ च्या आसपास आहोत. ७० कधी आले नाही आणि येणार नाही, असे डॉक्टर सांगतात. अलीकडे आठवड्यातून एकदा टोचून घ्यायची नवी औषधे आली आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतर वजन परतले तर डॉक्टर काहींना ती देतात. पण त्यांच्याही आलेखात सव्वा वर्षाच्या सुमारास पठार येतेच, एवढे लक्षात असू द्यावे.

आमच्या पिढीतल्या मंडळींना जबलपूरहून गोंदियाला जाणारी छोटी गाडी आठवत असेल. २०१५ साली येथली ती छोटी लाइन बंद झाली. नैनपूरला ती गाडी इतकी थांबे की, नवखा प्रवासी उतरून स्टेशनमास्तरला विचारी, गाडी रद्द झाली काय? जुने प्रवासी शिदोरी सोडून बसत. वाफेच्या इंजिनाला पाणी घ्यायचे असे. दवाखान्यात शस्त्रक्रियेपूर्वी जे कागद आमच्या हाती दिले गेले त्यात या नैनपूरचा उल्लेख नव्हता, किंवा असला तर आम्ही वाचला नाही. म्हणून आज हा खटाटोप.

आता राहिली घरच्यांची आणि मंडळाची बाजू, आणि ती बोलताना आमचा सूर थोडा तक्रारीचा लागला तर सोसून घ्यावा. आपण महाराष्ट्रापासून दूर राहणारी माणसे. आपली मुले हिंदी शाळांत शिकतात, नातवंडे इंग्रजीत भांडतात. घरात मराठीपण उरते ते पुष्कळदा ताटात: पुरणपोळी, अळूचे फदफदे, संक्रांतीचा तीळगूळ, गणपतीतले मोदक. त्यामुळे येथे एखाद्याने पुरणपोळी नाकारली तर वाढणाऱ्या वहिनींना वाटते, याने आपल्याला नाकारले, गावाला नाकारले. आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा शब्द आहे हे आम्ही जाणतो. पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या पोटात तो प्रेमाचा तिसरा घास खरोखरच मावत नाही. तो उठून मोरीकडे जातो आणि पुढच्या पंगतीला येत नाही. आमच्या परिचयातील एक भगिनी याच कारणाने तीन वर्षे मंडळाच्या कोजागरीला आल्या नाहीत. लोकांना वाटले, गर्व झाला. आणि जे आग्रह करीत नाहीत ते मोजतात. "एवढंसं खाऊनही वजन तिथंच?" हे वाक्य आम्ही याच सभागृहात, याच पंगतीत, बासुंदीच्या वाटीवरून ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. त्या रात्री चिवड्याचा डबा मात्र रिकामा झाला.

ग्वारीघाटाच्या प्रसंगानंतर घरी आलो त्या रात्री आम्ही सौभाग्यवतींपुढे सर्व कबूल केले, चिवड्यासकट. शेवटी म्हणालो, "सात आठवडे झाले, एक ग्रॅम हलत नाही. पैसे पाण्यात गेले." त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मार्चपासून तुमचा श्वास रात्रीचा एकदाही थांबलेला नाही. मला झोप लागते आहे. तुमच्या कागदावर ते कुठं मांडलंय?"

आम्ही कागदावर पाहिले. खरोखरच तसा स्तंभ नव्हता. रक्तातील साखर निम्म्या गोळ्यांवर आली होती, पट्ट्याला त्या सात आठवड्यांतच आतल्या बाजूला एक नवे भोक पाडावे लागले होते, शाळेचा जिना आम्ही न थांबता चढत होतो. यांतले काहीही आम्ही मांडले नव्हते. आता वहीत रविवारच्या आकड्याशेजारी हे सारे स्तंभ आहेत. झोपेचा स्तंभ सौभाग्यवती भरतात, त्यांच्या अक्षरात.

ज्यांस या वाटेवरचे काही विचारायचे असेल, किंवा ज्यांच्या घरात कोणी काट्यावर अडून बसले असेल, त्यांनी रविवारी सकाळी सहा वाजता भंवरतालच्या फाटकाशी यावे. आम्ही उभयता असतो. बोलायचे नसेल तर नुसते चालावे. कार्यवाहांच्या मेहुण्यांनी तर टिपणेही घेतली. पंगत मांडल्याची वर्दी आली आहे. वाढपी मंडळींना एक विनंती: आमच्या पानात आधी मटकीची उसळ वाढावी, आणि पुढे काही विचारू नये.